शेऱ्याचा रकाना

रजिस्टरमध्ये शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात मी लिहिते: बेड तीन, कूस बदलली, रात्री दोन.
बेड पाच, लघवी दोनशे मिली, रंग गडद, पाणी पाजले.
लाइन गेली साडेबाराला. अजून नाही.

पवनीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये
ही आमची बावीस खाटांची इमारत.
मे महिना. भिंतीला हात लावला
तर तिलाच ताप असावा असं वाटतं,
सवयीनं मी मनगट शोधते.

दोघीच आहोत, मी आणि भागरता मावशी.
तिसरी, प्रणोती, नागपूरला गेली मोठ्या हॉस्पिटलात.
एसी आहे म्हणते,
आणि पेशंट बरे होऊन घरी जातात.
हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं.

इथून कुणी घरी जात नाही.
इथे बरं होणं म्हणजे टाचेवरची जखम
दहाच्या नाण्याएवढी होती, ती रुपयाएवढी होणं.
चार महिने लागले होते त्याला.
त्या दिवशी आम्ही पोहे केले.

राजीनामा लिहून ठेवला होता फेब्रुवारीतच.
पर्समध्ये असायचा. मग कूलरचा स्टँड डुगडुगायला लागला,
तेव्हा चार घड्या घालून पायाखाली सरकवला.

हेडाऊ बापू रात्री झोपत नाहीत.
पन्नास वर्षं खड्डामागावर बसलेला माणूस.
पाय गेले, नावं गेली, मुलाचा चेहरा गेला,
हात मात्र अजून कामावर येतात.
अंधारात धोटा फेकतात, डावीकडून उजवीकडे,
चादरीचे दोरे उपसतात, कधी नळीही.
दोनदा कॅथेटर ओढून काढलं. रक्त आलं.
डॉक्टर म्हणाले, हात बांधा.
मी त्या हातात गॉजचा रोल दिला.
तेव्हापासून विणतात. सकाळी खाटेखाली
वीतभर काहीतरी सापडतं,
त्याला काय म्हणावं कळत नाही.
मावशी त्यानं ट्रे पुसते.

आज तीन वाजून दहा मिनिटांनी सायत्राबाई गेल्या.
संध्याकाळीच म्हणाल्या होत्या,
"काहून वं पोरी, जेवली नाही का तू?"
मोबाइलच्या उजेडात त्यांना पुसून काढलं,
कानामागे, बोटांच्या बेचक्यात,
स्तनांखाली, जिथलं घामोळं
आठवडाभर मी सुकवत आणलं होतं.
सुकलं होतं.
ते पाहून रडू आलं. मरण पाहून नव्हतं आलं.

मुलाला सुरतला फोन लावला.
सकाळी बघतो, म्हणाला.
आवाज झोपेतला होता, वाईट नव्हता.

मी दाराशी फरशीवर बसले, चप्पल काढून.
तळ्याकडून वारा नाही, काही नाही,
फक्त बापूंच्या खाटेची करकर.
"धागा तुटला का वं?"
तुटला, बापू.
"आन इकडे."
काय आणणार? मी हात पुढे केला.
त्यांनी गॉजचं एक टोक माझ्या करंगळीला लावलं,
दुसरं आपल्या विणण्याला,
आणि मध्ये अशी गाठ घातली
की बोट फिरवूनही सापडेना.
"आता चालू दे," म्हणाले.
मला नाही. मागाला.

मावशी आली. ऊठ, चार नंबरची कूस बदलायची.
उठता येईना, बांधलेली होते ना.
दोघी हसलो, तोंडावर पदर दाबून,
तेही बेड दोनच्या समोर.
मग तिनं कात्री आणली.

चारला लाइन आली. कूलर घरघरला.
स्टँड हलला नाही.

०३.१०, बेड दोन, निधन. नातेवाइकांना कळवले.
त्वचा स्वच्छ, जखम नाही.
ही शेवटची ओळ कुणी मागितली नव्हती.
तिच्याखाली मी पेन दाबून रेघ ओढली.

सकाळी सायकल धुऱ्यावरून घरी.
नवरा म्हणाला, बोटाले काय लागलं?
काही नाही, म्हटलं. रात्रपाळी आहे.
पाचले उठवजो.